दीड किलोच उतरलं, मग चालायचं कशाला?

पत्र

डॉक्टर, नमस्कार. मी ४७ वर्षांची. दापोली तालुक्यात समुद्राजवळच्या गावात राहते. उंची पाच फूट एक इंच. जानेवारीत तपासणी केली तेव्हा साखर काठावर निघाली (एचबीए१सी ६.१), म्हणून वाडीतल्या तिघीजणींबरोबर पहाटे पुळणीवर चालायला लागले. आठवड्यातले सहा दिवस, पाऊण तास. शनिवार-रविवार परतताना नाक्यावर चहा आणि एखादा वडा होतो, तेवढीच मजा. पाच महिन्यांत वजन ७२ वरून ७०.५ झालं. फक्त दीड किलो! मुंबईच्या जाऊबाईंनी झुंबा लावून आठ किलो उतरवलं. सासूबाई म्हणतात, "आम्ही कधी चालायला गेलो नाही, बागेत नि शेतात राबलो, तरी अंगावर मांस चढलं नाही." आता पाऊस लागला आणि चालणं बंद पडलंय. दीड किलोसाठी पुन्हा सुरू करू का? पोटाला बांधायचा घामाचा पट्टा मागवलाय. तो वापरू का? ह्यांचं म्हणणं, पैसे फुकट गेले.

ता. क. परवा साखर तपासली, ५.८ आली.

उत्तर

ताई, नमस्कार.

पत्रातली सगळ्यात मोठी बातमी तुम्ही ता. क. मध्ये टाकलीत, तीही अर्ध्या ओळीत. तेव्हा मी शेवटापासूनच सुरुवात करते.

एचबीए१सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली साधारण सरासरी साखर. ५.७ ते ६.४ हा काठावरचा पट्टा, ६.५ पासून पुढे मधुमेह. जानेवारीत तुम्ही या पट्ट्याच्या मधोमध होतात, आता खालच्या टोकाशी आलात. मापात थोडं इकडे-तिकडे होतंच, त्यामुळे लगेच पेढे वाटू नका. पण दिशा बरोबर आहे आणि एकही गोळी न घेता आहे. तुमच्या वजनकाट्याला यातलं काहीच कळलेलं नाही, आणि तुम्ही मात्र त्यालाच विचारून चालणं सोडायला निघालात.

आता दीड किलोचा हिशोब. ताशी पाच किलोमीटरच्या आसपास वेग धरला, तर तुमच्या वजनाच्या बाईच्या पाऊण तासात साधारण १९० कॅलरी खर्च होतात. त्यातल्या पन्नास-पंचावन्न तुम्ही तेवढा वेळ घरी बसून राहिला असतात तरी खर्च झाल्याच असत्या. राहिल्या १३५. कोरड्या, भुसभुशीत वाळूतून चालत असाल तर बऱ्याच जास्त होतील, पण तुम्ही बहुतेक ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवरून चालत असणार, आणि टाचांच्या दृष्टीने तेच बरं. एक किलो चरबी म्हणजे जवळजवळ ७,७०० कॅलरी. महिन्यातले २६ दिवस न चुकता चाललात, तर वरचा खर्च होतो ३,५००. अर्धा किलोसुद्धा नाही! तोही, ताटात एक घास वाढला नाही तर.

आणि मग तो वडा. गरम बटाटावडा आणि साखर घातलेला दुधाचा चहा मिळून अडीचशे कॅलरींच्या घरात जातात. शनिवार-रविवार मिळून ५००. म्हणजे सहा दिवसांच्या चालण्यातलं जवळजवळ चार दिवसांचं चालणं तुम्ही नाक्यावर जमा करून घरी येता. एवढं करूनही दीड किलो उतरलं, म्हणजे घरी कुठेतरी तुम्ही हात आखडता घेतलेला दिसतोय. पत्रात लिहिलं नाहीत, पण काटा सांगतोय.

तरी नाक्यावर थांबणं बंद करा असं मी मुळीच म्हणणार नाही. पहाटे साडेपाचला अंथरूण सोडून चार बायका बाहेर पडतात त्या काही कॅलरी मोजायला नव्हेत. सोबत असते, गप्पा असतात, सुनांच्या आणि सासवांच्या गोष्टी समुद्रावर सोडून देता येतात. एकटीने चालायचं असतं तर तुम्ही फेब्रुवारीतच थांबला असतात. चहा घ्या, साखर अर्धी सांगा, आणि वडा महिन्यातून एखाद्या रविवारी ठेवा. चौघींनी एकदम ठरवलंत तर अवघड नाही. एकीने मागवला की मात्र चौघींचा होतो, हे माहीत आहेच.

वजन उतरवण्याचं काम मुख्यतः ताटात होतं, ताई. व्यायामाने उतरतं ते थोडं. हे ऐकून लोक हिरमुसतात आणि व्यायाम सोडतात. खरं तर सुटका वाटायला हवी, कारण मग चालण्यावरून ते एक नको असलेलं ओझं उतरतं. चालण्याची कामं वेगळी आहेत आणि ती तुमचं चालणं चोख करत होतं.

१९५३ मध्ये लंडनच्या जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. पगार, घर, खाणं साधारण सारखंच. फरक एवढाच, की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिन्याने वर-खाली. हृदयविकार कंडक्टरांत कमी निघाला. ड्रायव्हर मुळात जाड असतील म्हणून असं झालं असेल, अशी शंका निघाली, तेव्हा मॉरिस यांच्या गटाने गणवेशाच्या विजारींची कंबरेची मापं काढली. ड्रायव्हरांच्या कंबरा मोठ्या होत्या खऱ्या, पण बारीक कंडक्टर असो की जाडा, त्याला ड्रायव्हरपेक्षा धोका कमीच होता. आपल्या एसटीत दापोली ते मंडणगड उभ्याने तिकिटं देणाऱ्या कंडक्टरला हे कुणी सांगितलं तर तो हसेल, पण त्याचे पाय त्याच्या हृदयाचं भलं करतायत.

याहून तुमच्या जवळचं उदाहरण चेन्नईचं. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये पाचशेहून अधिक भारतीयांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळे तुमच्यासारखेच, साखर काठावर असलेले. तीन वर्षांत, ज्यांना नुसता नेहमीचा सल्ला मिळाला त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. ज्यांनी रोजचं चालणं आणि खाण्यातले बदल टिकवले, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के. गंमत अशी, की या दुसऱ्या गटाचं वजन फारसं कमी झालंच नव्हतं. काटा तिथेच, मधुमेह मात्र टळला किंवा पुढे गेला. असं होतं कारण चालताना पायाचे मोठे स्नायू रक्तातली साखर आत ओढून घेतात आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनची वाट बघावी लागत नाही. चालून आल्यावर पुढचे काही तास, कधी दिवसभरही, शरीर इन्सुलिनला जास्त नीट दाद देतं. म्हणूनच रविवारी एकदम दोन तास चालण्यापेक्षा रोजचं अर्धा-पाऊण तास जास्त कामाचं. रक्तदाब, झोप, गुडघे, मनाची चिडचिड ही यादी मी वाढवत नाही, तुम्ही पाच महिने स्वतःच अनुभवली असणार.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. त्या राबल्या आणि सडपातळ राहिल्या, दोन्ही खरं. पण नुसतं राबल्यामुळे राहिल्या, असं नाही. टांझानियात हाद्झा नावाचे लोक आजही शिकार करून, कंद आणि मध गोळा करून जगतात, दिवसभर मैलोन्मैल चालतात. हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा दिवसभराचा एकूण ऊर्जाखर्च मोजून २०१२ मध्ये मांडला, तर शरीराचं आकारमान लक्षात घेता तो शहरात बसून काम करणाऱ्या अमेरिकी माणसापेक्षा वेगळा नव्हता! पाँट्झर यांचं म्हणणं असं, की खूप श्रम करणारं शरीर बाकीच्या खर्चात काटकसर करून जमाखर्च जुळवतं. तेव्हा सासूबाईंच्या सडपातळपणाचं गुपित विचारायचं असेल तर त्या काळचं ताट विचारा. सकाळी पेज, दुपारी भाताबरोबर कुळथाची पिठी, नाहीतर मासळीचं कालवण, तेल बाटलीतून जपून, गोड सणावारी. खारी, बटर आणि फरसाणाच्या पुड्या तेव्हा दर वाडीवर पोचल्या नव्हत्या. शिवाय आज बागेतलं काम तरी तेव्हाचं कुठे राहिलंय? गवत मशीनने कापलं जातं, विहिरीचं पाणी पंप चढवतो, मसाला मिक्सरवर वाटला जातो. आंब्याच्या दिवसांत तुम्ही दमता हे मान्य, पण पेट्या भरताना बहुतेक वेळ बसून असता.

जाऊबाईंचं कौतुक करा, मनापासून. आठ किलो ही छोटी गोष्ट नाही. पण फोनवर हळूच विचारा, झुंब्याबरोबर रात्रीचा भात सुटला का, बाहेरचं खाणं कमी झालं का. माझा अंदाज, उत्तर "हो" येईल. झुंब्याचा खरा उपयोग त्यांना इथून पुढे होणार आहे. वजन उतरवण्यापेक्षा उतरलेलं वजन पुन्हा चढू न देणं अवघड, आणि तिथे व्यायामाचा वाटा मोठा. अमेरिकेत १९९४ पासून बरंच वजन उतरवून ते टिकवलेल्या लोकांची एक नोंदवही ठेवली जाते. त्यातले बहुतेक जण रोज तासाभराच्या आसपास हालचाल करतात, आणि त्यातही सगळ्यात जास्त लोक चालतात.

आता तुमचं ताट. यादी देत नाही, तुम्ही स्वयंपाकघर माझ्यापेक्षा जास्त ओळखता. तीन ठिकाणी हात घाला. पहिलं म्हणजे भात. सोडू नका, कोकणात राहून भात सोडलेला माणूस पंधरा दिवसांत दुप्पट खातो. दोन्ही वेळची एकेक मूद कमी करा आणि ती जागा पिठी, बिरडं, चवळी किंवा मासळीने भरा. जेवायला बसल्यावर आधी माशाची तुकडी आणि भाजी खा, भात मागून घ्या. पोट लवकर भरतं आणि साखरही सावकाश चढते. दुसरं, तेल आणि नारळ. मोठा चमचाभर तेल म्हणजे १२० कॅलरी, तुमच्या एका पहाटेच्या चालण्याएवढ्या. बांगडा रवा लावून तेलात सोडण्याऐवजी तव्यावर थोड्या तेलात भाजा, किंवा कालवणात घाला. खोबरं वर्ज्य नाही, पण वाटपात मूठभर आणि वर पुन्हा सोलकढी असं रोज नको. तिसरं, चार वाजताचा चहा. त्याच्याबरोबरची खारी आणि टोस्ट यांची गणती कुणीच करत नाही, कारण ते "खाणं" धरलंच जात नाही. मूठभर भाजलेले चणे ठेवा. आंब्याचा हंगाम संपला म्हणून ती चर्चा पुढच्या मेसाठी राखून ठेवते. फणसाच्या गऱ्यांना मात्र "फळच तर आहे" म्हणून मोकळीक देऊ नका.

किती उतरवायचं? आठ किलो डोक्यातून काढा. वर्षभरात ७२ च्या सात टक्के, म्हणजे पाच किलो पुरे, त्यातलं दीड झालंय. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात नेमकं हेच लक्ष्य दिलं होतं, सात टक्के वजन आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं. २००२ मध्ये निकाल आले तेव्हा मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं होतं, औषधाच्या गोळीने घटलं होतं ३१ टक्क्यांनी. काट्यावर रोज उभं राहू नका, पंधरा दिवसांतून एकदा बस. त्यापेक्षा घरातली शिवणाची टेप घ्या आणि महिन्यातून एकदा बेंबीच्या पातळीला कंबर मोजा. आपल्याकडच्या बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचाच्या आत असावी. पुरुषाची ९० च्या आत. ती टेप एकदा ह्यांच्या पोटाभोवतीही फिरवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली कित्येक वर्षं दाखवत आलेत, की भारतीय माणूस वजनाने बारीक दिसला तरी आत चरबी बाळगून असू शकतो. "मला काय गरज, मी किडकिडीत" असं म्हणणाऱ्यांची साखर तपासताना मला हे पुन्हा पुन्हा दिसतं.

आता पावसाचं. जून ते सप्टेंबर पुळणीवर चालणं नकोच. उधाणाला किनारा उरत नाही, आणि पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेच्या, जांभ्या दगडांवर शेवाळ धरलं की पाय केव्हा सटकेल सांगता येत नाही. या वयात मनगट किंवा खुबा मोडणं हे दीड किलोपेक्षा फार महाग पडतं. पण चार महिने बसून काढलेत तर साखर पुन्हा वर जाईल, पाच महिन्यांची कमाई गणपतीपर्यंत संपेल. तेव्हा पडवी वापरा. दुपारी आणि रात्री जेवल्यावर ताटं उचलून लगेच दहा-पंधरा मिनिटं पडवीत फेऱ्या मारा. जेवणानंतर चढणारी साखर यानेच सगळ्यात जास्त दबते. सकाळी आणखी पंधरा मिनिटं घातलीत की आठवड्याची १५० मिनिटं आरामात पुरी होतात. पाऊस उघडला तर डांबरी रस्त्याने, रबराच्या चपला न घालता, पकड असलेले बूट घालून चाला.

एक गोष्ट तुमच्या पाच महिन्यांत अजिबात नव्हती, ती पावसात सुरू करा: ताकदीचा व्यायाम. जागतिक आरोग्य संघटना चालण्याच्या जोडीने आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना जोर लावायला सांगते, आणि पाळी जायच्या सुमारास स्नायू आणि हाडं दोन्ही झिजू लागतात तेव्हा तर हे टाळून चालत नाही. मशीन लागत नाही. ओटीवर भिंतीला टेकवून न हलणारी खुर्ची ठेवा, हात छातीवर घडी करा आणि बसा-उठा. दहा वेळा, थांबा, पुन्हा दहा, मग तिसऱ्यांदा. बसताना धपकन पडायचं नाही, तीन मोजत सावकाश खाली जायचं. खरं काम तिथेच होतं. गुडघा दुखला तर खुर्चीवर जाड उशी ठेवा, उंची वाढते. मग भिंतीपासून हातभर लांब उभं राहून भिंतीवर हात टेकवून दंड. मग पायरीच्या कडेला चवडे टेकून, दाराची चौकट धरून टाचा वर-खाली. शेवटी पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या दोन हातांत घेऊन कंबरेपासून खांद्यापर्यंत. वीस मिनिटांत संपतं. मंगळवार-शुक्रवार ठरवा, चौघी एकीच्या पडवीत जमा, गप्पा तशाच चालू राहतील. भात लावणीचे दिवस असतील तेव्हा हे सोडून द्या. वाकून वाकून कंबर आधीच भरलेली असते.

पट्ट्याबद्दल ह्यांचं बरोबर आहे. घामातून जातं ते पाणी आणि मीठ, चरबी नाही. पट्टा सोडल्यावर काटा पाव किलो कमी दाखवेल आणि दोन तांबे पाणी प्यालात की तो पाव किलो परत येईल. आपल्या दमट हवेत घाम तसाही वाळत नाही, त्यात प्लास्टिक गुंडाळून हालचाल केली तर अंग तापतं, चक्कर येते, कंबरेखाली घामोळं उठतं ते वेगळं. पोटावर पट्टा बांधला म्हणून पोटाचीच चरबी जाते असंही काही नाही. शरीर चरबी कुठून काढायची ते स्वतः ठरवतं. परत घेत असतील तर परत करा.

शेवटचं, डॉक्टर म्हणून. चढण चढताना छातीत दडपण आलं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, किंवा नेहमीच्या चालीत एकाएकी धाप लागायला लागली, तर "पित्त झालं असेल" म्हणत सोडा पिऊन घरी बसू नका, त्याच दिवशी ईसीजी काढून घ्या. तसं काही नसेल तर साखर आता सप्टेंबरात तपासा, आणि तेव्हाचं पत्र लिहाल त्यात कंबरेचं माप आणि खुर्चीवरून न थांबता किती वेळा उठता येतं तो आकडा कळवा. वजन नाही कळवलंत तरी चालेल.